आडवे धागे

परमुलखात राहून चाकरी करणे ही गोष्ट आपल्या मंडळींना नवी नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज होळकर, शिंदे, पवार यांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून माळव्यात आले. कोणी कारकून म्हणून आले, कोणी कमाविसदार म्हणून, कोणी नुसतेच पागेबरोबर. धनी एका गावी आणि चाकर शंभर कोसांवर, हा प्रकार त्या काळी नित्याचा होता. अहिल्याबाईंच्या काळी महेश्वर दरबारी पुण्याचा वकील राहत असे व तो इकडची बारीकसारीक हकीकत पुण्यास लिहून पाठवीत असे. ती बातमीपत्रे पुढे छापून प्रसिद्ध झाली आहेत. अशी जुनी पत्रे चाळताना एक विचार आमच्या मनात नेहमी येतो. धन्याला काय काय कळले पाहिजे, याची व्यवस्था किती चोख! पण दूरच्या मुलखात एकटा बसलेला तो माणूस स्वतः अडला, तर त्याने आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या चाकराला कधी आणि कसे विचारावे, याची तजवीज कोण करीत असेल?

महेश्वरचा उल्लेख निघालाच आहे, तर तेथल्या मागाचीच उपमा घेऊ. मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात आणि मग धोट्याने आडवे धागे भरतात. नुसत्या उभ्या धाग्यांचे कापड होत नाही. दूरच्या चाकरीत वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातला उभा धागा आपोआप ताणला जातो, कारण हजेरी, हिशेब आणि अहवाल यांवाचून वरिष्ठाचे चालत नाही. सहकाऱ्या-सहकाऱ्यांमधला आडवा धागा तसा नसतो. एका छपराखाली काम करणाऱ्यांत तो नकळत भरला जातो, म्हणून त्याची किंमत कोणाच्या ध्यानात येत नाही. माणसे लांब गेली की तो तुटतो, आणि मग कोणीतरी तो मुद्दाम भरावा लागतो. एवढीच गोष्ट आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

आमच्या नोकरीचा आरंभ १९९५ साली झाबुआ जिल्ह्यातील एका डोंगरी गावी झाला. तो भाग २००८ पासून अलीराजपुर जिल्ह्यात मोडतो. गाव म्हणजे आपल्या समजुतीतले गाव नव्हे. भिल्लांची वस्ती फळियांत विखुरलेली असते. प्रत्येक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर. शाळेला एक खोली आणि एक पडवी; वर्ग पाच आणि शिक्षक एक. मुलांची बोली भिली, ती गुजरातीची सोयरी. पुस्तकाची भाषा हिंदी. आणि गुरुजींच्या घरची भाषा मराठी. आमची मराठीची एम. ए. ची पदवी तेथे कितपत उपयोगी पडली असेल, हे वाचकांनीच ताडावे.

इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या माणसाला एकांत जाचक व्हावा, हे खरे. पण खरा जाच एकांताचा नव्हता. पुस्तके होती, रेडिओ होता, गावची माणसे मायाळू होती. जाच होता तो लहान लहान प्रश्नांचा. पाच वर्ग एकाच खोलीत कसे बसवावेत? पहिलीतला मुलगा गप्प आहे तो भितो म्हणून, की आपले बोलणेच त्याला कळत नाही म्हणून? हातच्याची वजाबाकी तिसरीच्या मुलांना काही केल्या उमगत नाही, ती कशी समजवावी? हे प्रश्न इतके लहान की अर्ज करून वरिष्ठांना विचारावेत असे नव्हते, आणि इतके मोठे की त्यांच्यापायी रात्रीची झोप उडे. वरिष्ठ येत ते हजेरीपत्रक पाहण्यास. गोपनीय अहवाल ज्याच्या हाती, त्याच्यापुढे "अमुक एक शिकवावे कसे ते आम्हांला समजत नाही" असे कोण म्हणेल? यात वरिष्ठाचा दोष मुळीच नाही. त्या नात्याचाच तो गुणधर्म आहे.

आम्हांला तारले ते आठवड्याच्या बाजाराने. त्याला तिकडे हाट म्हणतात. आमच्या जवळचा हाट रविवारी भरे आणि पंचक्रोशीतील शिक्षक तेल-मीठ, डाळ-तांदूळ घेण्यासाठी तेथे येत. खरेदी आटोपली की चहाच्या टपरीमागच्या बाकावर पाच-सात जण जमत. त्यांत एक वयाने वडील असे मास्तर होते. त्यांना सारे 'मास्साब' म्हणत. त्यांची वीस वर्षे त्याच डोंगरात गेली होती. एका रविवारी आम्ही वजाबाकीची गोष्ट काढली. ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तुमची पोरे हाटात येतात ना? हातात दहाच्या तीन नोटा आणि दोन सुटे रुपये असले आणि सात रुपयांचा गूळ घ्यायचा झाला, तर पोर काय करते? एक नोट मोडते. मग पाटीवरही नोटच मोडा की! पुस्तकातले 'उधार' कशाला सांगता? उधार म्हटले की त्यांना सावकार आठवतो. आणि तुम्ही घेतलेले दहा परत तर कधी करीत नाही!"

दुसऱ्या दिवशी चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुड्या बांधून आम्ही वर्गात गेलो. पुडी सोडायची, सुटे चिंचोके मोजायचे, हवे तितके द्यायचे. आठवडा संपेतो तिसरीची बहुतेक मुले वजाबाकी करू लागली. ही युक्ती कोणत्याही प्रशिक्षणात आम्हांला कोणी सांगितली नव्हती, आणि कोणत्याही परिपत्रकातून ती येणेही शक्य नव्हते. ती मास्साबांपाशी होती, आणि मास्साब सात मैलांवर होते.

याच्या उलट बाजूची गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्याच वर्षी नोकरीस लागलेला एक तरुण शिक्षक घाटापलीकडच्या फळियात होता. हुशारीत तो आमच्याहून काकणभर सरसच. पण त्या हाटाला येणे त्याला जमत नसे. दुसऱ्या पावसाळ्यात तो राजीनामा देऊन निघाला. जाताना बसथांब्यावर भेटला, तेव्हा म्हणाला, "काम जड नव्हते हो. पण आपण करतो आहोत ते बरे की वाईट, हे सांगणारे माणूसच नव्हते." त्याची शाळा पुढे सात महिने बंद होती. त्या सात महिन्यांत किती मुले पाटी टाकून गुरांमागे गेली असतील, याचा हिशेब कोणत्या दप्तरात मांडला जातो?

हाटातल्या त्या बाकात असे काय होते, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. पहिली गोष्ट, तेथे वरिष्ठ नव्हते. दुसरी, तेथे बोललेले लिहून ठेवले जात नव्हते; क्षुल्लक प्रश्न विचारला तरी तो चहाबरोबर संपून जाई. तिसरी, दिवस ठरलेला होता. "आज विचारू का, उद्या विचारू" असा संकोच मनात येण्याआधीच रविवार उगवत असे. आणि चौथी, तेथे प्रत्येक जण कधी ना कधी अडलेला असे. आज ज्याने विचारले तो पुढच्या रविवारी सांगणारा होई. त्यामुळे विचारण्यात कमीपणा उरत नसे.

हे आम्हांलाच सुचले अशातला भाग नाही. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात शाळा-संकुलाची कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हेच होते. प्रत्येक शाळा आपापल्या जागी एकाकी पडते, तिचे एकाकीपण मोडण्यासाठी जवळजवळच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावे, असा तिचा आशय. हीच कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा आली आहे. मधे चोपन्न वर्षे गेली. २०२४-२५ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात एकशिक्षकी शाळा १ लाखाहून अधिक आहेत व त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकत आहेत. म्हणजे इतकी माणसे आजही आपापल्या पडवीत एकेकटी उभी आहेत.

पण आपल्याच प्रांतात एके काळी हे काम कसे झाले होते, ते सांगण्याजोगे आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील (आता त्याचे नाव नर्मदापुरम) १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. माध्यमिक म्हणजे इकडच्या परिभाषेत सहावी ते आठवी. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला, आणि २००२ साली शासनाने तो बंद केला. त्या उपक्रमाच्या पुस्तकांविषयी व प्रयोगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मते त्याची खरी मातब्बरी दुसऱ्याच गोष्टीत होती. जवळपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा संगमकेंद्रावर जमत. मागच्या महिन्यात कोठे अडले ते सांगत आणि पुढचे धडे स्वतः करून पाहत. त्या दिवसाची हजेरी ही कामावरचीच हजेरी धरली जाई. दुसऱ्या शाळेतील अनुभवी शिक्षक वर्गात येऊन बसत, पण तपासणीसाठी नव्हे; त्याला 'अनुवर्तन' असे वेगळे नावच होते. 'होशंगाबाद विज्ञान' नावाचे एक पत्रक निघे, त्यातून शिक्षकांचे अनुभव एकमेकांना कळत. आमचा हाट योगायोगाने भरत होता. तेथे तो विचारपूर्वक भरवला गेला होता.

आज आमच्या शाळेत जनशिक्षा केंद्र आहे आणि दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक आमच्याकडे बैठकीस येतात. बहुतेक ठिकाणी अशा बैठकीचा सारा वेळ माहिती भरून देण्यात आणि परिपत्रके ऐकण्यात जातो. आम्ही क्रम तेवढा फिरवला आहे. पहिला तास ज्याची त्याची अडचण, परिपत्रके शेवटी. लिखापढी सुरू झाली की आडवे बोलणे थांबते, हा आमचा अनुभव आहे. २०२० साली टाळेबंदीत केंद्राचा व्हॉट्सअ‍ॅप गट निघाला. त्यात वरून आदेश येत आणि खालून "जी सर" असे उत्तर जाई. महिनाभर त्यात एकही प्रश्न आला नाही. मग आम्ही शिक्षकांना म्हटले, "तुम्ही तुमचा दुसरा गट काढा आणि आम्हांला त्यात घेऊ नका." त्या गटात काय चालते ते आम्हांला अर्थातच ठाऊक नाही. पण एका शिक्षिकेने शिवलेल्या कापडी अंकांच्या पिशव्या दोन महिन्यांत सहा शाळांत दिसू लागल्या, त्यावरून गट जिवंत आहे असे समजतो.

हा विषय आज पुन्हा डोक्यात येण्याचे कारण मात्र शाळेतले नाही, घरातले आहे. आमचा भाचा संगणक अभियंता आहे. बंगळूरच्या एका कंपनीत तो २०२२ पासून नोकरीस आहे, आणि ती नोकरी करतो सुदामानगरातील घराच्या माडीवरच्या खोलीत. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज असे चित्र असेल. मुलगा डोळ्यांसमोर आहे, दोन वेळा गरम जेवतो आहे, पगारही बरा आहे. मग आणखी काय हवे? पण आमची धाकटी बहीण एके दिवशी म्हणाली, "दादा, हा घरात असून घरात नाही. पानावर बसला तरी बोलत नाही. तू जरा विचारून बघ त्याला."

विचारले. पुष्कळ वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मामा, काम येत नाही असे नाही. पण एका ठिकाणी चार दिवस अडलो आहे. ज्याला ठाऊक आहे तो बंगळूरला. त्याला लिहून विचारायचे, तर त्या गटात साहेबही आहेत. आणि लिहिलेले तसेच राहते. इतका साधा प्रश्न याला पडतो, असे पुढे कोणी म्हणेल. ऑफिसात असतो तर चहाला जाता जाता विचारले असते." त्याने राजीनाम्याचा मजकूरही लिहून ठेवला होता. ते ऐकताना आम्हांला घाटापलीकडचा तो तरुण शिक्षक आठवला. खोलीत वातानुकूलन आहे आणि टेबलावर दोन पडदे आहेत, एवढाच काय तो फरक.

या बाबतीत परदेशी अभ्यासकांनीही काही पाहून ठेवले आहे. ज्यूलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-कारागिरांबरोबर फिरून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. त्यावरचे त्याचे पुस्तक १९९६ साली निघाले. हे कारागीर दिवसभर एकेकटे गिऱ्हाइकाच्या दारी जात. बरोबर कंपनीने दिलेली जाडजूड पुस्तिका असे. पण यंत्रे पुस्तिकेप्रमाणे बिघडत नाहीत! हे कारागीर न्याहारीला, जेवणाला एकत्र जमत आणि बिघाडांच्या गोष्टी एकमेकांना सांगत. त्या गोष्टींतूनच त्यांची विद्या वाढत असे. वरवर पाहणाऱ्याला तो वेळ फुकट गेला असे वाटावे. पण तेथेच काम शिकले जात होते. म्हणजे हाटातला बाक अमेरिकेतही होताच म्हणायचा.

दुसरा अभ्यास अगदी अलीकडचा, २०२३ सालचा आहे. अमेरिकेतील तीन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी एका मोठ्या कंपनीतील संगणक अभियंत्यांच्या कामाची पाहणी केली. एका इमारतीत बसणाऱ्यांना सहकाऱ्यांकडून आपल्या कामावर अधिक सूचना मिळत, आणि त्याचा लाभ सर्वांत जास्त नवख्यांना होई. टाळेबंदीत सारेच घरी बसले, तेव्हा हा फरक बहुतांशी मावळला. पण त्यांना आणखीही एक गोष्ट दिसली. जवळ बसून शिकवणाऱ्या अनुभवी मंडळींचे स्वतःचे काम त्यामुळे कमी होत होते. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. मदत ही फुकट होत नसते. मास्साबांनी आपला रविवार आम्हांला दिला, तो त्यांच्या विश्रांतीतून दिला. सांगणाऱ्याच्या वेळेचा हिशेब जर कोणी धरला नाही, तर चांगली माणसेही काही दिवसांनी दार लावून घेतात. होशंगाबादच्या शिक्षकांची ती कामावरची हजेरी म्हणूनच मोलाची होती.

भाच्याला आम्ही संगणकाविषयी काय सांगणार? हाटाची गोष्ट तेवढी सांगितली. त्याने ती आपल्या गटातील एका अनुभवी सहकारी बाईंना फोनवर सांगितली. आणि पुढचे सारे श्रेय त्या बाईंचे. त्यांनी रोज दुपारी चार वाजता अर्धा तास ठरवून दिला. गटातील ज्याला हवे त्याने त्या वेळी आपापल्या खोलीतून हजर व्हावे, आपले काम करीत बसावे, अडेल त्याने बोलावे. साहेबांनी यायचे नाही, आणि तेथले काही लिहून ठेवायचे नाही. बाईंनी साहेबांकडून एवढेच मान्य करून घेतले की, नवख्यांना सांगण्यात जाणारा वेळ सांगणाऱ्याच्या कामात धरला जावा. चार दिवसांचे भाच्याचे अडलेले काम पहिल्याच दुपारी वीस मिनिटांत सुटले. दुसऱ्या महिन्यात नोएडाची एक नवी मुलगी अडली, तेव्हा तिला सांगणारा तो होता. त्याच कंपनीचे इंदूरातले तिघे आता शनिवारी सकाळी पोह्यांच्या दुकानावर भेटतात. राजीनाम्याचे पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही. पण तो अजून त्याच नोकरीत आहे आणि जेवताना बोलतो, असे बहीण सांगते.

कोणी म्हणेल, अडलेल्याने विचारावे की! तोंड आहे ना त्याला? हे म्हणणे सोपे आहे, पण ते खोलीत दहा जणांबरोबर बसलेल्याला लागू पडते. तेथे सहकाऱ्याचा चेहरा दिसतो. तो कामात आहे की मोकळा, आज त्रासलेला आहे की प्रसन्न, हे कळते, आणि मग प्रश्न विचारावा की नाही ते ठरवता येते. दूर बसलेल्याला यातले काही दिसत नाही. त्याला प्रत्येक प्रश्न अंधारात दगड टाकल्यासारखा टाकावा लागतो. म्हणून विचारण्याचे ओझे सर्वस्वी त्याच्यावर टाकणे न्यायाचे नाही. जे मध्यवर्ती ठिकाणी एकत्र बसले आहेत, त्यांनी पहिले पाऊल उचलले पाहिजे. एकांत ज्याला मानवतो त्याला तो लाभू द्यावा. पण एकांत आणि एकाकीपण यांत भेद आहे, आणि तो भेद दारावर ठरलेली थाप पडते की नाही यावरच ठरतो.

आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. आपले पूर्वज नव्या गावी बदलून गेले की पहिली चौकशी करीत ती आपली माणसे कोठे राहतात याची. गणेशोत्सव, हळदीकुंकू, वाचनालय ही सारी वरून कोणी नेमून दिलेली नव्हती. ती परमुलखात एकमेकांना धरून राहण्याची साधने होती. आज आपली मुले हैदराबाद, गुरुग्राम, सिएटल येथल्या कचेऱ्यांची कामे आपापल्या खोल्यांत बसून करीत आहेत. त्यांना साहेब आहेत, पगार आहे, हजेरीही आहे. घरच्यांनी एवढेच करावे: "काम कसे चालले आहे?" असे विचारण्याऐवजी "अडलास तर कोणाला विचारतोस?" असे विचारून पाहावे. उत्तरात एखाद्या सहकाऱ्याचे नाव आले तर निश्चिंत असावे. मुलगा नुसताच गप्प राहिला, तर त्याच्यासाठी हाटाचा एक दिवस ठरवून घेण्याची वेळ आली आहे असे समजावे. आणि आपल्यापैकी जे कोठे वरिष्ठ पदावर असतील, त्यांनी आपल्या हाताखालच्या लांबच्या माणसांसाठी तो दिवस ठरवून द्यावा, सांगणाऱ्याचा वेळ कामात धरावा, आणि त्या वेळी स्वतः तेथे जाऊ नये.